लांबलेला बुधवार

अदिस अबाबाहून सुटताना तिच्या मनगटावर साडेचार वाजले होते,
माझ्या फोनमध्ये साडेदहा.
आमच्याकडे दिवस उजाडल्यापासून मोजतात,
रात्र अंधारल्यापासून.
एकोणीस वर्षं परमुलखात पार्किंगच्या पावत्या फाडून
मला हे आता बोटांवर मोजावं लागतं.

खिडकी तिची, मधली जागा माझी,
कडेला एक दांडगा इसम, बूट काढून केव्हाच झोपलेला.
पट्टा कुठे अडकवायचा ते दाखवलं
तेव्हा तिने नाव सांगितलं, येशिमबेट,
आणि विचारलं, "तू कुणाचा?"
मग विमान उचललं. तिने नेटेला तोंडावर ओढला
आणि इजिप्त येईपर्यंत कुणाशी बोलली नाही.
कुणाशी म्हणजे माझ्याशी.
मरियमशी चालू होतं.

ट्रे आला. कोंबडी की पास्ता?
"आज वार कोणता?"
मंगळवार, म्हटलं, अजून थोडा आहे.
कोंबडीला हाडं नाहीत म्हणून ती हसली,
आणि घाईघाईने संपवली.
बुधवारी आम्ही मांस-दूध शिवत नाही.

नंतर ते तास, ज्यांना नाव नसतं.
गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले,
शौचालयाच्या दाराशी मोज्यांतली माणसं,
कुणाचं तरी तान्हं, रडून रडून घोगरं झालेलं,
आणि पडद्यावर एक पांढरं विमान
भूमध्य समुद्राला पालीसारखं चिकटलेलं.

डब्लिनला उतरलो आणि उतरलो नाही.
इंधन भरायचंय, जागेवरच बसा म्हणाले.
पिवळ्या जाकिटातले दोघे अंग झटकत आत आले,
एकाने तिच्या पायाशी पडलेली उशी उचलून दिली.
आयर्लंड मी एवढाच पाहिलाय:
एक ओली शिडी, एका माणसाचे लाल कान.
"पोचलो?"
"अर्ध्यात."
"मग हे कुणाचं गाव?"

अटलांटिकवर फॉर्म वाटले.
जन्मतारीख. पासपोर्टातली कुणा कारकुनाने ठरवलेली,
तिला ठाऊक इतकंच की त्या साली टोळ आले होते
आणि आई बाज सोडून डबे बडवायला शेतात गेली.
पत्ता, नेटेलाच्या टोकाच्या गाठीत: लेकीचा, व्हर्जिनिया.
सोबत खाद्यपदार्थ आहेत का?
बर्बरे चार किलो. शिरोचं पीठ.
बाळंतिणीच्या लापशीला जवाचं, वेगळं बांधलेलं.
मी 'हो'वर फुली मारली.
"हो म्हटल्यावर काढून घेतील ना?"
"नाही म्हटलं तर नक्की घेतील."
बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू ती अमेरिका मीच.

ऑम्लेट आलं. झाकण न उघडता परत गेलं.
उपास नवाला सुटतो, तिच्या नवाला, भर दुपारी.
बाहेर सकाळ संपता संपेना.
आम्ही पश्चिमेला पळत होतो
आणि बुधवार पंखाला धरून सोबत.
"हा किती लांबलाय?"
"सात तास."
"ते सात तास देव कुणाच्या खात्यावर मांडणार?"
पावत्या फाडणाऱ्याला काय विचारता, आई.

विमान उतरू लागलं, कानांना दडे बसले.
तिने मनगट माझ्यापुढे धरलं. नऊ.
स्थानिक वेळ सकाळचे आठ, वरून आवाज आला.
तिने पिशवीतून कोलो काढलं,
भाजलेले जव, मधून मधून शेंगदाणे,
निम्मं माझ्या ओंजळीत ओतलं.
कडेचा इसम जागा झाला, त्यालाही.
हे काय, असं त्याने विचारलं नाही.
चाकं टेकली तेव्हा आम्ही तिघंही चावत होतो.

तिला चाकाच्या खुर्चीतून कुठेतरी नेलं,
माझी रांग वेगळी.
फोन चालू केला, त्याने आपण होऊन वेळ बदलली.
तिने घड्याळाला हात लावला नव्हता.

संध्याकाळी पाळीवर, काचेच्या खोपट्यात,
सुटे पैसे द्यायला खिशात हात घातला
तर एक जव.
तोंडात टाकला, मग भिंतीकडे पाहिलं.
अजून बुधवारच होता.