चौदा रुपये कमी

बुधवारी पगार जमा होतो.
फोन सुपातच असतो, पानांच्या खाली,
तो थरथरला की तंबाखू जराशी हलते.
कात्री खाली ठेवत नाही मी.
हजार भरायला अजून तीन कट्टे बाकी असतात.

आधी कारखान्यातच रोख मिळायचं.
मोजणारा छाट काढायचा,
उरलेल्या विड्यांचे पैसे पदराच्या गाठीत.
मग कन्ना चौक ते घर, एवढ्याशा वाटेत
ती गाठ किती हातांनी सुटायची!
भिशीवाली राजव्वा, चुलतदिराची निकड,
सुट्टे नाहीत म्हणून हातावर टेकवलेली चॉकलेटं,
आणि शनिवारी मीच मला विचारायची,
अगं, ते दोनशे गेले कुठं?
गाठीला तोंड नसतं.

पासबुकाला असतं.
नऊ तारीख, औषधाचं दुकान, एकशे बारा.
अकरा तारीख, वीज.
पंधरा तारीख, तीनशे काढले.
त्या तीनशेंचं काय केलं, आठवत नाही अजून,
पण निदान भांडायला तारीख तरी आहे.

कार्ड आलं तेव्हा अंबूअक्का हसली,
अंगठ्याचं मशीन आहे की, हे कशाला?
तिनं अंगठा लावला. पुसून लावला.
थुंकी लावून लावला.
जुळत नाही, मशीन म्हणालं.
चाळीस वर्षं पानं वळून
बोटांवरच्या रेषा विड्यांत गेल्या आमच्या,
कुणीतरी ओढल्या असतील त्या
कुठल्याशा स्टँडवर, बसची वाट बघत.

कार्डाला चार आकडे पुरतात.
लग्नाचं साल नको, बँकेतली पोरगी म्हणाली,
जन्मतारीखही नको, कुणीही ओळखतं.
माझी जन्मतारीख मलाच कुठं ठाऊक!
मग घेतले ते आकडे. कुठले, ते सांगणार नाही.
एकदा वाटलं, झोपेत पुटपुटले की काय,
तर दोन दिवस नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते.

एटीएमच्या दाराशी दस्तगीरमामा बसतात.
आकडे दाबायची वेळ आली
की आपणहून रस्त्याकडे वळतात,
कुणी बाई केस विंचरायला बसावी
आणि भल्या माणसानं मान फिरवावी तसे.
आत गार असतं. वैशाखात, या गावात,
दोन मिनिटांचा गारवा, तोही फुकट.
पावती निघते. मी ती लगेच टाकत नाही.

कोथिंबिरीला कार्ड चालत नाही, हे खरं.
मंगळवार बाजारात गाठच लागते,
म्हणून तीस-चाळीस रुपये पदरात असतातच,
सवय म्हणा, सोबत म्हणा.

परवा नवी पेठेत कुकर बघितला.
चौदाशे साठ. मशीनमध्ये कार्ड घातलं,
आकडे दाबले, आणि ते गप्प.
पैसे कमी आहेत, मावशी, पोरगं म्हणालं, हळूच.
फोनवर बघितलं, चौदाशे सेहेचाळीस.
चौदा रुपये!
मालक गल्ल्यावरून म्हणाला,
राहू द्या हो, सगळेच लिहून ठेवतो, सवडीनं द्या,
आणि लाल वही पुढं ओढली.

ती वही मी ओळखते.
ही नव्हे, हिची थोरली बहीण.
आईचं नाव होतं तिच्यात, अन् नावापुढं आकडे,
प्रत्येक सणाला एक ओळ.
सावकार आईला कधीच नाही म्हणाला नाही.
गोड बोलायचा, चहा पाजायचा, हो म्हणायचा.
आई गेली तरी ते हो फिटत होतं.

हे कार्ड मात्र
भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत,
तोंडावर नाही म्हणालं.
कानशिलं तापली माझी. खोटं कशाला बोलू.
चौदा रुपये तर पदरातही होते,
पण मग खात्यात शून्य, आणि मधे सहा दिवस.
वही मिटा, मी म्हणाले, बुधवारनंतर येते.

अजून तिथंच आहे तो, काचेच्या कपाटात,
शिट्टी वर करून.
आज मंगळवार.
चार कट्टे जास्त वळून ठेवलेत.