समास

दर दुसऱ्या मंगळवारी मी फिरतं वाचनालय घेऊन जातो
केरीच्या अगदी टोकाला, जिथं रस्ता समुद्रापाशी येऊन
आता काय करू, असा उभा राहतो.
गबनित फाटकाशी असते. पायात गमबूट,
अंगात कुणा दुसऱ्याच्या मापाचा स्वेटर.
"पुढचा आणलास?"

सात खंडांची मालिका आहे. मुखपृष्ठावर चंदेरी धुकं,
धुक्यात दोघी: एक लोहाराची पोर,
दुसरी डोंगराखालच्या राणीची पहारेकरीण,
जिला लोखंड भाजतं आणि जिनं नाव सांगायचं नाही.
पाठीवर शिक्का, 'किशोरांसाठी'.
गबनित एक्याऐंशीची.

परत आलेलं पुस्तक तपासणं माझं काम.
पान फाटलं का, चहा सांडला का.
तिनं समासात लिहिलेलं असतं, शिसपेन्सिलीनं, बारीक.
मास्तरीण होती ती.
'दूध उंबऱ्याबाहेर ठेवतात. आत नाही.'
'काटेरी झाडाखाली असं कुणी झोपत नाही. मुंग्या असतात.'
'चकवा लागला की कोट उलटा घालायचा,
या बाईला कुणी सांगितलेलं दिसत नाही.'
मी गाडीतला दिवा लावून खोडरबर घेऊन बसायचो
आणि पुसायचो. नियम आहे.

तिसऱ्या खंडात लोहाराची पोर
पहिल्यांदा हातोडा खाली ठेवते
आणि तोच हात पुढे करते.
तिथं लिहिलं होतं:
'एथ्नानं बादली ठेवली होती. बाकी असंच.'
खोडरबर हातात तसाच राहिला.

एथ्ना म्हणजे ती चुलतबहीण.
गाव तसंच म्हणायचं, एक्केचाळीस वर्षं,
एका चुलीवर, एका छपराखाली, दोघींत मिळून एक सायकल.
पाद्रीही तेच म्हणाला, माती लोटताना,
आणि चुलतबहिणीनं जितकं रडावं
तितकंच गबनित रडली. मोजून.

त्यानंतरचं मी पुसलं नाही.
पाचव्यात पहारेकरीण म्हणते, आमची एक रात्र
म्हणजे तुमची शंभर वर्षं. समासात:
'उलटं आहे. एक्केचाळीस वर्षं गेली
आणि रात्र एकच वाटते. झोपसुद्धा पुरी झाली नाही.'
सहाव्यात, चुंबनाच्या पानावर, काहीच नाही.
पान फक्त किंचित फुगलेलं, ओल लागून सुकल्यासारखं.
चहा, असं मी नोंदवहीत लिहिलं.

सातव्यात पहारेकरीण शेवटी नाव सांगते.
लेखिकेनं ते छापलेलं नाही,
तिथं एक ओळ कोरी सोडली आहे.
गबनित भडकली. "सात पुस्तकं चालवलं
आणि ऐनवेळी तोंडाला पानं पुसली!"
पुस्तक परत आलं तेव्हा
ती ओळ कोरी नव्हती.

आता हे खंड पेट्रोल पंपावरचा टायग नेतो.
सतरा वर्षांचा, नखांत ग्रीस.
"बहिणीसाठी," म्हणतो.
त्याला बहीण नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक.
मी तारीख टाकतो, मान हलवतो.

गेल्या आठवड्यात तिसरा खंड परत आला.
बादलीच्या ओळीखाली, निळ्या बॉलपेननं, वाकडंतिकडं:
'मग? तिनं बादली परत उचलली का?'

बॉलपेन पुसता येत नाही.
मंगळवारी मी तो खंड फाटकाशी नेला. तिनं मागितला नव्हता.
चष्मा लावून तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.
मग पुस्तक गाडीच्या बॉनेटवर टेकवलं, वाऱ्यात पान दाबून धरलं,
आणि माझ्याकडे न बघता दुसरा हात मागे पसरला.
"पेन दे. शिसपेन्सिल नको."