उलटी होडी

नोंद क्रमांक चौऱ्याऐंशी. रोल फिल्मचा रिफ्लेक्स कॅमेरा.
महोगनीचा डबा, वर काळं कातडं, पट्टा नाही.
देणगी : हाल्क्रो कुटुंब, लर्विक बंदर.
दर मंगळवारी हातमोजे घालून मी त्याची धूळ पुसते.
कातड्याला अजून वास येतो माशांचा,
किंवा मला ठाऊक आहे म्हणून येतो.

ओस्ला हाल्क्रो हेरिंग साफ करायची,
बोटांना चिंध्या गुंडाळून, मिनिटाला चाळीस.
जखमेवर मीठ ही तिथे म्हण नव्हती,
रोजची हजेरी होती.
तीन हंगामांचे पैसे साठवून तिनं हे खोकं आणलं
तेव्हा आई म्हणाली, एवढ्यात गाय आली असती,
दूध तरी दिलं असतं.

यातून समोर बघायचं नसतं.
पोटाशी धरायचं, वरच्या झडपेत मान घालायची,
आडात डोकवावं तशी.
तळाशी आरसा, आणि दुधी काचेवर अख्खं बंदर,
उभं सरळच,
फक्त डावं उजवीकडे गेलेलं.
पहिले दोन रोल फुकट गेले.
माणूस इकडे सरकला की ती तिकडे वळायची,
चौकटीत उरायची पिंपं, दोरखंड, कुणाचं तरी कोपर.

मग लॉरी निघाला, धाकटा,
देवमाशांच्या मागे, पार दक्षिणेला, दोन वर्षांसाठी.
धक्क्यावर सगळ्यांना होडी जाताना दिसली.
मान खाली घातलेल्या एकट्या ओस्लाला
ती आत येताना दिसली.
आठ सेकंद असतील. दहा असतील.
खटक्यावरचं बोट तसंच.

मग दाबला.
आरसा उचलला गेला, काच काळीठिक्कर.
शाळेच्या मुलांना हे सांगून पटत नाही :
ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच
काढणाऱ्याला दिसत नाही.

फोटो आहे आमच्याकडे, खालच्या खणात.
त्यात होडी बरोबर दिशेला चाललीय,
टोपी हलवणारा एक हात मनगटाशी कापला गेलाय.
लॉरी परत आला का, हे कार्डावर नाही.
कार्डावर आहे : आरसा डागाळलेला, स्प्रिंग ढिली.

काल बंद करायच्या वेळी, नियम मोडून,
मी झडप उघडली.
शेवटचा मुलगा दाराकडे निघाला होता,
काचेवर तो दारापासून आत, आत येत राहिला.
बाकावर त्याचा लोकरी मोजा राहिलेला.
हाक मारायला
मान वर करावी लागली असती.