टाचणी

कुरखेड्याच्या बाजारातून परतताना
सायकल मोहाला टेकवून नाल्यात पाय सोडले.
दिवसभर ओठांत टाचण्या,
गिऱ्हाइकांशी बोललो ते मानेनंच.

आणि इथंही टाचणी, लव्हाळ्यावर.
अंग पिकल्या मिरचीचं,
पंखांवर काळा पट्टा,
कुणी कापडावर खूण केली
अन् कात्री चालवायचीच विसरलं.

मादी मळकट, चिपाडागत.
त्यानं शेपटीच्या टोकानं तिची मान धरलेली,
स्वतः काडीसारखा ताठ, अधांतरी.
ती पाण्यातल्या देठात
एकेक अंडं टाचत चाललेली.
तीस वर्षं मशीन चालवतो मी.
असा टाका नाही जमला,
ज्याला धागाच लागत नाही.

"काय पाहून राहिले जी?"
रैमती. डोक्यावर शिंदीच्या पानांचा भारा.
"शिवण," म्हटलं.
हसली. पण थांबली.

मादी देठ धरून खाली सरकली,
अजून खाली,
पाणी तिच्या पंखांवरून मिटलं.
त्यानं मान सोडली नाही,
तोही गेला, लाल, आत.

रैमतीनं भारा उतरवला.
आम्ही दोघं काठावर,
श्वास धरून.