तेल वाढतं तेव्हा

मिंगेल आला तो फुशारकी मारतच:
"तीन महिने झाले, मेस्त, थेंबभर तेल घातलं नाही.
उलट वाडटा! पळय."
आणि गाडी माझ्या पत्र्याखाली ढकलली.
पुढचा मडगार्ड पायलटचा पिवळा, सीटला दोन जागी टाके,
टाकीवर सायबिणीचं चित्र, उन्हाने अर्धं पुसलेलं.

मी काही बोललो नाही.
दूध उतू जातं, नदी चढते, सोसायटीचं व्याज वाढतं;
इंजिनातलं तेल आपणहून वाढत नसतं.
कुणीतरी आत शिरलेलं असतं.

पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली.
वरच्या खुणेच्याही बोटभर वर.
चिमटीत घेतलं तर तार धरेना,
शहाळ्याच्या पाण्यासारखं निसटलं.
नाकाशी नेलं, आणि थेट नाकात
कुडचड्याचा पेट्रोल पंप.
कालच्या पेपरवर एक थेंब सोडला.
काळा ठिपका मधे राहिला,
भोवतीचं ओलं तळं पसरत गेलं
निधनवार्तांच्या दोन रकान्यांवरून.

प्लग काढला. मऊ, कोरडं काजळ,
बाळाच्या डोळ्यांत घालावं असं.
"अ‍ॅव्हरेज?"
"साठ द्यायची. आता चाळीस.
सांग्याच्या चढणीला काळा धूर काढते,
मागे बसलेली बाई पदर लावते नाकाला.
मला वाटलं, पेट्रोलात भेसळ."
सगळ्यांना आधी तेच वाटतं.

चोक सुटा होता. फिल्टरमधे खाणीची लाल धूळ,
खाण बंद पडली तरी कुठून येते कोण जाणे. झटकला.
पण एवढ्या पेट्रोलाला तेवढं कारण पुरेना.
कार्बोरेटर उतरवला, वाटी उघडली.
फ्लोट कानाशी हलवून पाहिला: कोरडा, हलका.
सुई मात्र.
टोकाच्या रबरावर गोल चर,
नखाला लागेल इतकाच.
तेवढ्यातून रात्रभर थेंब, मग थेंब.

जास्तीचं बाहेर सोडायला खाली एक नळी असते.
फुंकली. फुंकर माझ्याच तोंडात परत आली.
तारेने टोकरलं तर माती,
कुंभारीण माशीचं घर, आत वाळून गेलेल्या दोन अळ्या.
तिने बाहेरची वाट लिंपली,
मग पेट्रोल उतरलं आत,
पिस्टनच्या कडेने, रिंगा ओलांडून, तेलात.

"रात्री टॅप बंद नाही करत?"
"ना."
"कधीच?"
"ना."
मी पाना पुसत राहिलो. पुसून झाला तरी.

"मागल्या मे महिन्यात," तो म्हणाला,
"बाप रात्री दोनला छाती धरून उठला.
वीज गेलेली. त्याला माझ्या पाठीशी बांधला
आईच्या साडीने, आणि निघालो.
चर्चच्या वळणावर गाडी मेली.
किक मारतोय, मारतोय. तो मागून विचारतो,
पावलो रे? पोचलो का?
तेविसाव्या किकला आठवलं, टॅप.
मीच बंद केला होता. रोज करायचो.
आणि अंधारात हाताला कळेना
कुठल्या बाजूला फिरवायचा."

पुढचं त्याने सांगितलं नाही.
दंडाला काळी फीत होती, ती मी आत्ता पाहिली.

सुई नवी घातली. नळी आरपार फुंकली.
तेल सोडलं, कोऱ्या चहासारखं धावलं.
नवं ओतलं, खुणेपर्यंत, वर नाही.
मग जुन्या डायनॅमोची तांब्याची तार
टॅपच्या दांडीला सात वेढे गुंडाळली,
टोक पक्कडीने दाबलं, बोचू नये म्हणून.
"डोळे मीट. हात लाव.
तार खाली, चालू. तार आडवी, बंद."
तो बराच वेळ डोळे मिटून
खाली, आडवी, खाली, आडवी.
दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. राहू दिली.

संध्याकाळी शाबलो आला डबा घेऊन,
कुंपणाच्या खांबांना वाळवी लागलीय,
जळकं तेल आहे का?
म्हटलं, आहे. आधी विडी विझव.
आणि दोन दिवस उघडं ठेव, मोकळ्यावर,
चुलीपासून लांब,
वास जाईस्तोवर.