नाचणी

डॉक्टर म्हणाले, वजन घरीच बघत चला.
घरात काटा नव्हता.
आणला असता, तर आधी बाकीचे चढले असते,
हसले असते,
मग म्हणाले असते, हं, आता तू.

म्हणून धनकवडीच्या उतारावरची गिरणी.
बुधवारी, रात्री साडेआठनंतर.
मुमताज तांबोळी पट्टा उतरवत होत्या,
भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ.
मी रिकामा डबा खाली ठेवला.
दळायचं काही नाही, म्हटलं,
मला तोला.

त्या हसल्या नाहीत.
काट्यावरचं गोणपाट झटकलं,
चप्पल काढा म्हणाल्या,
आणि दांडीवरचं वजन सरकवत गेल्या
खपली गव्हाला लावतात तितकंच मन लावून.
वहीत लिहिलं: नाचणी, एक्क्याण्णव.
नाव कशाला, वही कुणीही चाळतं.

(एवढी नाचणी नेतं कोण,
असं एकदा खासनीसांनी विचारलं.
वसतिगृहाला जाते, मुमताजबाईंनी
सुपातून नजरही न उचलता सांगितलं.)

त्याआधी मी कोमट पाण्यात लिंबू पिळून झालं होतं,
ऑफिसातल्या कुणीतरी विकलेली पावडर झाली होती.
पद्मावतीच्या जिममध्ये वर्षाचे पैसे भरून
अकरा दिवस.
आणि सोसायटीतल्या बायका जिन्यात विचारायच्या, किती उतरलं?
जसा गवारीचा भाव.

मुमताजबाई विचारत नसत.
अर्धा किलो कमी झालं की म्हणत, बरं.
दीड वाढलं तरी तेच, त्याच आवाजात, बरं.

पहाटे तळजाईला चला माझ्याबरोबर, म्हणाल्या,
एकटीला कुत्र्यांची भीती वाटते.
गेले.
तिसऱ्या दिवशी कळलं, टेकडीवरचं प्रत्येक कुत्रं
त्यांना नावानिशी ओळखतं,
खिशात त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा असतो.
मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशीही गेले.

मग आई ससूनला.
चाळीस दिवस कँटीनचा वडा, कँटीनचा चहा,
परत वडा.
मग आई नाही.
तेराव्यापर्यंत जो आला त्याने माझ्या ताटात काहीतरी वाढलं
आणि मी खात गेले.
तेवढं एकच काम मला तेव्हा जमत होतं.

पुढे दळण मुलाच्या हाती पाठवायचे.
रस्ता बदलला, ऑफिसला जाताना वरच्या गल्लीने.
एका संध्याकाळी डब्यात, ज्वारीच्या गरम पिठात
पिवळ्या पावतीचा तुकडा लागला हाताला:
नाचणीचं खातं उघडं आहे.

चौदा आठवड्यांनी चढले. त्र्याण्णव.
सुरुवात केली होती त्याच्याही दोन वर.
उतरू? म्हटलं.
उभ्या राहा जरा, घाई कसली.
त्यांनी पान उलटलं, तारीख घातली.
तेच पेन.
बरं.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली.
एकोणऐंशी, दिवाळीत ब्याऐंशी, परत ऐंशी.
साखरेची गोळी अर्धी झाली आहे.
बारीक झालीस, असं कुणी म्हणत नाही,
लांबच्या लग्नातसुद्धा नाही.
पर्वतीच्या पायऱ्या मात्र
मध्ये एकदाच थांबून.
आणि भात आवडतो अजून, फार आवडतो,
तो सोडलेला नाही, मोजलेला आहे.

गेल्या बुधवारी मी तोलून उतरले,
तर मुमताजबाईंनी शटर अर्धं ओढलं
आणि स्वतःच्या चपला काढल्या.
पेन घ्या, म्हणाल्या.
डॉक्टर मलाही बोलले आहेत.

दांडी मी कधी हाताळली नव्हती.
वजन एकदा पुढे गेलं, एकदा मागे,
त्या समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या.
काय लिहू?
बाजरी लिहा. थंडी येते आहे.

लिहिलं.
आकडा इथे सांगणार नाही.
बरं, मी म्हटलं.