साधन क्रमांक चार

नववी ब ला मी बजावलं होतं,
"प्राचीन काळापासून" नं सुरू झालेला निबंध
न वाचता परत मिळेल.
सतरा परत गेले.

मग म्हटलं, घरातला एक कागद आणा,
तुमच्यापेक्षा वयानं मोठा.
त्याला विचारा, कोणी लिहिलं तुला, केव्हा,
आणि कोणासाठी.
कागदाला अरे-तुरे केलेलं चालतं.

हिरेन आशरनं पणजोबांच्या दुकानाची वही आणली.
खजूर, काथ्या, रॉकेल, हिशेब रुपयांत,
अक्षर असं की आशरांच्या घरातही आता कुणाला लागत नाही.
ओजस गावकरनं वडिलांचा गॅस प्लांटचा जुना पास
आणि त्यावर अठराशे शब्द, बहुतेक गॅसबद्दल.

मुफीदा म्हणाली, "कागद नाही, मिस.
आजोबांना लिहिता येत नव्हतं."
मग दप्तरातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली.
त्र्याऐंशी साली सूरहून पोन्नानीला,
गावी निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून गेलेलं पत्र.

शाळेत कॅसेट वाजवणारं काही उरलेलं नाही.
फिजिक्सच्या जोसेफ सरांची जुनी कोरोला होती.
मे महिना, दुपारचा दीड, पार्किंग,
गाडीत आम्ही सहा जण, एसी बंद,
त्याची घरघर पुराव्यात मिसळते म्हणून.

मुफीदा थांबत थांबत अर्थ सांगत होती :
मी बरा आहे. ऑफिसात काम आहे, बसून.
डोक्यावर पंखा आहे.
पैसे कुंजूच्या हाती पाठवलेत, मोजून घे.
सगळ्यांनी लिहून घेतलं. ऑफिस. पंखा.

"मिस," ओजस म्हणाला, "मागे काहीतरी ठोकतायत."

रिवाइंड.
ठक्. ठक्-ठक्. ठक्.
लाकडावर लोखंड,
आणि मधेच, अगदी जवळ, पाणी.
काचेबाहेर खाडीपलीकडे
गलबतं बांधायचा तळ दिसत होता,
रोज दिसतो तसाच.
कुणाचा तरी घाम टपकन वहीत पडला.

"म्हणजे ते खोटं बोलले."
मी म्हटलं, एवढ्यावरून नाही म्हणता येत.
ऑफिस तळाशेजारी असेल. छप्पर दुरुस्त करत असतील.
दुसरं साधन शोध.
इतिहास शिकवताना मी अशी कोरडी होते,
घशात काही अडकलं की जरा जास्तच.

शनिवारी तळावर गेलो.
त्या सालची हजेरीची वही वाळवीनं खाल्ली होती.
म्हातारा खमीस साल तासता तासता म्हणाला,
मलबारी? पुष्कळ होते. नावं कुठली आठवायला.
एक डावखुरा होता.
त्याला उलट्या अंगाची जागा द्यावी लागे,
नाहीतर शेजाऱ्याचं कोपर फुटायचं.

आजोबा डावखुरे होते?
मुफीदाला माहीत नव्हतं.
परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली,
आणि मी तिला निबंध द्यायची तारीख
विचारली नाही.

निबंध पाच दिवस उशिरा आला, दोन पानं जास्त.
"खोटं" हा शब्द तीन ठिकाणी खोडलेला,
त्याजागी काहीच लिहिलेलं नाही.
ऑफिसचं काय ते शेवटपर्यंत ठरलेलं नाही,
तिनं तसं म्हटलंय, सरळ.
शेवटच्या पानाखाली, बारीक अक्षरात :

सात. बीयुम्मा, वय एक्याऐंशी, पोन्नानी.
मुलाखत, फोनवरून, गुरुवारी रात्री, चार मिनिटं.
जेवायचे उजव्या हातानं, बाकी सगळं डाव्या.
ठोकण्याबद्दल विचारल्यावर म्हणाल्या,
ते ऐकायलाच तर मी आवाज वाढवायची,
बोलणं काय, दर वेळी तेच असायचं.
यानंतर दीड मिनिट हसणं.

हसणं तळटिपेत येत नाही,
असं मी लाल पेन उघडून लिहिणार होते.
"पोन्नानी"च्या पुढचा पूर्णविराम जरा ठळक केला
आणि ओजसचा निबंध ओढला.
पुन्हा गॅस.